पाईकराव सिस्टरची खुर्ची

पाईकराव सिस्टरची आणि माझी ओळख माझ्या पायांपासून झाली. आखाडा बाळापूरच्या कॉलेजात मी नुकताच रुजू झालो होतो आणि बरोबर एक जुनी कार घेऊन आलो होतो. ती खालून खडखडायची. एका रविवारी सकाळी मी ठरवलं, मेकॅनिक कशाला, आपणच बघू. अंगणातल्या शहाबादी फरशीवर डिकीतला जॅक ठेवला, गाडीची एक बाजू वर चढवली आणि खाली शिरलो. धड आत, पाय बाहेर. तेवढ्यात कुणीतरी माझे दोन्ही घोटे धरले आणि मला फरफटत बाहेर काढलं.

मी डोळे चोळत वर पाहिलं. साठी ओलांडलेल्या, उंच, हडकुळ्या एक बाई उभ्या होत्या. अंगात पंजाबी ड्रेस आणि त्यावर कधीकाळी पांढरा असलेला नर्सचा कोट.

"अहो, काय हे! पाच मिनिटांचं काम होतं," मी म्हणालो.

"पाच मिनिटांचं व्हय?" त्या म्हणाल्या. त्यांनी फक्त तळहात गाडीच्या दाराला लावला आणि ढकललं. जॅक कलला, खालची फरशी मधोमध तडकली आणि गाडी धप्पकन खाली बसली. दोन मिनिटांपूर्वी माझी छाती जिथं होती, बरोबर तिथं. बाईंनी माझं मनगट धरलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "एकशेदहा. पाणी प्या. आता नाव सांगा."

सुलोचना पाईकराव हे त्यांचं नाव, पण गल्लीत त्यांना नावाने कुणीच ओळखत नव्हतं. तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्स होत्या, त्यामुळे लहानथोर सगळ्यांच्या त्या 'सिस्टर'. यजमान वारलेले, मुलगा पुण्यात. माझ्या घरापासून तिसरं घर त्यांचं. घरापुढे गाडी चढेल असा सिमेंटचा बुटका ओटा, त्याच्या कडेला काळी मोकळी जमीन, आणि ओट्यावर त्यांची जुनी पांढरी व्हॅन.

ही बाई बसत नसे. हे मी सांगतो तर लोकांना वाटतं मी मीठमसाला लावतोय. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, जेवण ताट हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत. आमच्याकडे आल्या तर उंबऱ्यातच या पायावरून त्या पायावर. मी खुर्ची पुढे केली की म्हणायच्या, "बसलं की गंज चढते, सर." माझ्यासारख्या आळशी माणसाला त्यांच्या सहवासात दहा मिनिटांत दमल्यासारखं व्हायचं. त्या गेल्यावर मी आडवा पडत असे.

नोकरीत असताना त्यांचं निम्मं आयुष्य गाडीची वाट पाहण्यात गेलं होतं. बाळंतीण अडलेली, आणि जीप नादुरुस्त. "तीस वर्षं गाडीची वाट बघितली," त्या सांगत, "म्हनलं आता गाडी माझी वाट बघंल." रिटायर झाल्या त्याच महिन्यात त्यांनी ती व्हॅन घेतली, चालवायला शिकल्या, आणि पहिल्याच दुरुस्तीला मेकॅनिक म्हणाला, "तुमाला न्हाई समजणार, बाई." झालं! सिस्टर रोज सकाळी त्याच्या गॅरेजात जाऊन उभ्या राहू लागल्या. पंधरा दिवसांनी त्याने हात जोडले आणि हवं ते सगळं समजावून सांगितलं. पुढे ऑइल बदलायचं असो की सायलेन्सरचा पट्टा आवळायचा असो, त्या स्वतःच व्हॅनखाली जात.

पण जाण्याआधी जे चालायचं ते बघण्यासारखं असे. "गाडी उचलली म्हंजे पेशंट टेबलावर घेतला," असं त्या म्हणत. दवाखान्यात खाटेला तक्ता लटकवतात तसा एक पुठ्ठा त्यांनी भिंतीला अडकवला होता. त्यावर एकेक पायरी लिहिलेली, आणि प्रत्येक वेळी पेन्सिलीने खूण. आधी जमीन सपाट आणि टणक आहे का. मग गिअर, हँडब्रेक, आणि जी चाकं खालीच राहणार त्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. "मागची चाकं उचलली की हँडब्रेक नुसता शोभेला, सर. तो मागच्याच चाकांना धरतो ना!" हे मला त्यांनीच शिकवलं. जॅक फक्त उचलण्यापुरता. उचलून झालं की लोखंडी घोड्या, म्हणजे तिपायांसारखे टेकू, लावायच्या आणि गाडीचा भार सावकाश त्यांच्यावर सोडायचा. मग दोन्ही हातांनी गाडी हलवून बघायची. हलायची तर आत्ताच हलू दे, आपण बाहेर असताना. त्यावर आणखी स्टेपनी आडवी करून गाडीच्या कडेखाली सरकवायची, कारण घोडी हे लोखंड आहे आणि लोखंडावर विश्वास ठेवावा पण जीव ठेवू नये. चावी जो खाली जाणार त्याच्या खिशात, म्हणजे वरच्या कुणा शहाण्याला गाडी चालू करायची हुक्की यायला नको.

आणि पुठ्ठ्यावरची शेवटची पायरी, खुर्ची.

ती एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची होती, उन्हाने गुलाबी झालेली. ती गाडीपासून चार हातांवर मांडायची आणि तिच्यावर एका माणसाने बसायचं. त्याने काहीही करायचं नाही. पेपर वाचायचा नाही, शेंगा फोडायच्या नाहीत, मोबाईलला हात लावायचा नाही. खालून सिस्टर दर थोड्या वेळाने विचारत, "हाय का?" की वरच्याने एक घोडी बघायची, दुसरी घोडी बघायची, खालची जमीन बघायची आणि मगच म्हणायचं, "हाय." उशीर झाला तर चालेल, पण न बघता म्हणायचं नाही.

गल्लीत या सगळ्याची टिंगल व्हायची. आमच्या समोर कदम राहत, हळदीचे शेतकरी, मोठा दिलदार माणूस. ते म्हणायचे, "सिस्टर गाडीखाली निघाल्या का चंद्रावर?" एकदा त्यांनी आपली पिकअप विटांच्या थप्पीवर चढवली आणि आधाराला हळदीचं पोतं लावलं. जॅकची करकर ऐकू आली की सिस्टर घरात राहूच शकत नसत. हातातलं लाटणं तसंच घेऊन आल्या.

"कदमभाऊ, इटा काढा."

"काहून? इट एवढं घर धरते, गाडी धरणार न्हाई व्हय?"

सिस्टर वाद घालत बसल्या नाहीत. कदमांच्या वरच्या खिशात नवाकोरा मोबाईल होता, आठवडाही झाला नव्हता घेऊन. "बराबर हाय तुमचं," त्या म्हणाल्या. "मंग तो मोबाईल ठेवा खाली, इटाच्या बाजूला. दहा मिनिटं मी गाडी हलवते."

कदमांनी मोबाईल काढला. विटांकडे बघितलं, मोबाईलकडे बघितलं, परत विटांकडे बघितलं. आणि मुकाट्याने मोबाईल खिशात टाकला.

"मोबाईलची काळजी हाय, डोस्क्याची न्हाई," सिस्टर म्हणाल्या आणि लाटणं घेऊन परत गेल्या. कदमवहिनी पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. त्या दिवशी कदमांनी कानाला खडा लावला आणि पुढल्या आठवड्यात नांदेडहून घोड्यांची जोडी आणली.

मला वाटे, बाईंचं काहीतरी व्यक्तिगत दुःख असणार याच्यामागे. एकदा धीर करून विचारलं. तसं काही नव्हतं. नोकरीत असताना एकदा दवाखान्यात एका माणसाला आणलं होतं, गाडीखाली सापडलेला. ते त्यांच्या ओळखीचंही कुणी नव्हतं. "त्याची बायको सारखं एकच म्हणून राहिली व्हती, पाच मिनिटांचंच काम व्हतं हो. मी कपडे बदलले, घरी आले, भाकर खाल्ली. मंग भाकर उलटून पडली." एवढं बोलून त्या उठल्या, म्हणजे उभ्याच होत्या, निघाल्या. जाता जाता मला म्हणाल्या, "मी ठरवून ठेवलं हाय, सर. ज्या दिशी माझी एक पायरी चुकंल, त्या दिवसापासून मी खाली जाणार न्हाई. वय कोणाला सोडत न्हाई."

हे वाक्य मी लक्षात ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

दरवर्षी दसऱ्याला सिस्टर नागपूरला दीक्षाभूमीवर जात. स्वतः व्हॅन चालवत, बरोबर गल्लीतल्या आणि नात्यातल्या पाचसहा बायका, डबे, चटया, पांढऱ्या साड्या. या प्रवासावर त्यांचा जीव होता. वर्षभर दुसरा कुठलाच हट्ट नव्हता. त्यामुळे दसऱ्याच्या आदल्या दिवशी व्हॅनची संपूर्ण तपासणी होई. तो दिवस खंडेनवमीचा. गल्लीत घरोघर गाड्या धुणं, अवजारं पुसणं, पूजा चाललेली असे.

त्या वर्षी सोयाबीन निघालं आणि आभाळ भरून आलं. कदमांनी सिस्टरना विचारून त्यांच्या सिमेंटच्या ओट्यावर सोयाबीन वाळत घातलं होतं. सिस्टर नाही म्हणाल्या नाहीत. व्हॅन त्यांनी ओट्याखालच्या काळ्या जमिनीवर घेतली. आभाळ भरलं तरी आठ दिवस थेंब पडला नव्हता, जमीन वरून दगडासारखी झालेली. तरीही त्यांनी घोड्यांखाली रुंद फळ्या घातल्या, टाचेने ठोकून बघितल्या. ठोकळे, घोड्या, हलवणं, स्टेपनी, चावी. पुठ्ठ्यावर खुणा केल्या. मग खुर्ची मांडून मला हाक मारली. घोट्याला धरून ओढलेला माणूस खुर्चीवर चांगला बसतो, असं त्यांचं माझ्याबद्दल मत होतं.

मी बसलो. सिस्टर खाली गेल्या. समोर कदमांच्या दारात पाण्याच्या मोटारीचा पाइप लावून पिकअप धुणं चाललं होतं, वहिनी ओरडत होत्या, पाणी उडत होतं. "हाय का?" मी बघितलं, "हाय." पुन्हा "हाय का?" बघितलं, "हाय." आणि मग माझ्या खिशात मोबाईल थरथरला. कॉलेजचा ग्रुप. सुट्टीनंतरच्या परीक्षेच्या ड्युट्या लागल्या होत्या, आणि माझं नाव लागोपाठ तीन दिवस. मला एवढा राग आला! मी उत्तर लिहायला घेतलं.

"हाय का?"

"हाय," मी म्हणालो. मान वर न करता.

कदमांच्या दारातलं पाणी नाली भरून रस्ता ओलांडून आलं होतं. सिस्टरच्या जमिनीत सगळीकडे बोट जाईल एवढ्या भेगा. पाणी वर दिसलंच नाही फारसं, भेगांमधून आत उतरलं. काळ्या मातीला पाणी लागलं की तिचं काय होतं हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दगड म्हणून जिच्यावर पाय द्यावा ती लोणी होते.

"हाय का?"

"हाय."

कच्च असा आवाज झाला. एका बाजूची फळी मातीत रुतली, घोडी कलली आणि व्हॅनची कड खाली आली. स्टेपनीवर आपटली आणि तिथंच थांबली.

मी उभा राहिलो. हातातला मोबाईल पडला. जॅककडे धावलो, आणि गाडीखालून आवाज आला, नेहमीचाच, वॉर्डातला. "सर, जॅकला हात लावू नका. पळू नका. कदमभाऊला बोलवा, आन् पैले पाणी बंद करा."

कदम धावत आले. तोवर सिस्टर दुसऱ्या बाजूने, जिकडची घोडी शाबूत होती, सरकत सरकत स्वतःच बाहेर निघाल्या. कोट चिखलाने भरलेला. उभ्या राहिल्या, स्टेपनीकडे बघितलं, रुतलेल्या फळीकडे बघितलं, मग माझ्याजवळ येऊन माझं मनगट धरलं. त्यांची बोटं गार पडली होती. "एकशेतीस," त्या म्हणाल्या. "पाणी प्या, सर."

कदमवहिनी रडायला लागल्या, पाणी आपलंच म्हणून. सिस्टर म्हणाल्या, "तुमी काहून रडता? माझी एक पायरी चुकली." आणि घरात जाऊन त्यांनी पुठ्ठा भिंतीवरून काढला.

कुठली पायरी ते त्यांनी सांगितलं नाही. कुणाला विचारायची गरजही वाटली नाही. काळ्या जमिनीवर गाडी घेतली, हे उघडच होतं. दुसऱ्या दिवशी त्या नागपूरला गेल्या, व्हॅन चालवतच गेल्या. पण आल्यावर त्यांनी घोड्या, ठोकळे, पाने सगळं पोत्यात बांधून ठेवलं. व्हॅन गॅरेजला जाऊ लागली. पुण्याहून मुलाचे फोन येत, "आई, वय झालं तुझं, विकून टाक ती गाडी." गल्लीतही बोलणं सुरू झालं. सिस्टर आता विसरायला लागल्या, म्हातारपण आलं, एवढी शिस्त सांगायच्या आणि स्वतःच बघा. कदमसुद्धा हळहळून असंच म्हणाले. मी तिथं होतो. मला खरं माहीत होतं. आणि मी मान डोलावली.

ते वर्ष मला फार वाईट गेलं. सिस्टर आधीपेक्षा जास्त येरझारा घालत. व्हॅनभोवती फिरत, वाकून खाली बघत, पुन्हा सरळ होत. गॅरेजवाल्याने त्यांना निरोप पाठवला की बाई, गाडी पाठवा पण तुमी येऊ नका. मला खिडकीतून हे सगळं दिसे आणि मी खिडकी लावून घेई. वर्गात शिकवताना मधेच 'हाय का' ऐकू येई. रस्त्यात कुठे गाडी जॅकवर दिसली की पाय अडत, आणि मी अनोळखी माणसाला स्टेपनी खाली घालायला लावत असे. लोकांनी मला विचित्र ठरवलं. माझ्याशी नेहमीसारख्याच बोलणाऱ्या सिस्टरना टाळण्यासाठी मी मागच्या बोळाने कॉलेजला जाऊ लागलो. त्यांच्या दोन गोष्टी मी घेतल्या होत्या, त्यांचा व्हॅनखालचा हक्क आणि त्यांचं नाव, आणि दोन्ही परत करायला एका वाक्याचा खर्च होता.

पुढच्या दसऱ्याच्या आधी गॅरेजवाला गावाला गेला. व्हॅनचा सायलेन्सर लोंबत होता आणि दोन दिवसांवर नागपूर. सिस्टर ओट्यावर उभ्या राहून नुसत्या त्या गाडीकडे बघत होत्या. मी गेलो आणि म्हणालो, "मी जातो खाली."

त्यांनी पोतं सोडलं. पुठ्ठा बाहेर आला. सगळ्या पायऱ्या त्यांनी माझ्याकडून करून घेतल्या, सिमेंटच्या ओट्यावर, दोनदा हलवून. चावी माझ्या खिशात घातली. शेवटी लाल खुर्ची स्वतःच आणून मांडली आणि तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "आता मी खुर्चीवर," म्हणाल्या, आणि जन्मात पहिल्यांदा मी त्यांना बसताना पाहिलं. अगदी टोकावर.

मी आत सरकलो. पट्टा सापडला. "हाय का?" मी विचारलं. उत्तर आलं नाही. खुर्ची करकरली. त्यांच्या चपला माझ्या डोक्यापासून निघाल्या, पहिल्या घोडीशी थांबल्या, गाडीला वळसा घालून दुसऱ्या घोडीशी थांबल्या, परत आल्या. मग आवाज आला, "हाय."

माझ्या हातातला पाना थांबला. समोरासमोर मला ते कधीच जमलं नसतं. गाडीच्या पोटाकडे बघत मी म्हणालो, "सिस्टर, त्या दिवशी मी मोबाईल बघत होतो. दोनदा न बघता हाय म्हणालो."

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "खालून तुमचे पाय दिसत व्हते ना. माणूस वाकून बघते तव्हा पाय हलते. तुमचे हलले न्हाई."

"मग बाहेर का नाही आलात?"

"निघतच व्हते. तेवढ्यात रुतली."

"आणि तुम्ही सगळ्यांना सांगितलंत की तुमची पायरी चुकली!"

"चुकलीच ना. फळी व्हती, घोडी व्हती, समदं व्हतं. खुर्चीवर कोणाला बसवायचं, ते बी माझंच काम व्हतं. तेच चुकलं."

मला गाडीखाली हुंदका आला. पडल्या पडल्या रडलं की पाणी कानात जातं. मी म्हणालो, "वर्षभर लोक तुम्हाला काय काय बोलले. तुम्ही एक शब्द का नाही बोललात?"

"तुमी काहून न्हाई बोलले?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसता प्रश्न होता. "वाट बघून राहिले. वाट बघायची सवय हाय मला." मग थोडं थांबून, "आता बोलणं पुरं. नट आवळा. परवा पाच बाया बसायच्या हायेत गाडीत."

बाहेर आल्याबरोबर मी कदमांकडे गेलो आणि वहिनींसमोर सगळं सांगितलं. कदमांनी संध्याकाळी पुण्याला सिस्टरच्या मुलाला फोन लावला आणि मग माझ्या हातात दिला.

त्या दिवाळीनंतर माझी हिंगोलीला बदली झाली. सिस्टर आठवतात त्या मात्र त्याच दुपारच्या. मी खाली शेवटचा नट आवळतोय. "हाय का?" असं विचारतो आणि मान वळवून बघतो. गाडीखालून लाल खुर्चीचे चार पाय तेवढे दिसताहेत, खुर्ची रिकामी आहे. सिस्टरच्या चपला पलीकडे घोडीजवळ. त्या गुडघ्यांवर बसल्या आहेत, एक हात जमिनीला लावलाय, आणि घाई न करता जमीन चाचपून बघताहेत. मी पाना धरून थांबलोय. मग त्या म्हणतात, "हाय."